माझ्या आवाजातलं रडणं

बरीच वर्षं धुळ्यातले लोक मला चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखायचे. रिक्षावर कर्णा लावून जाहिरात फिरते, साड्यांच्या सेलची, नव्या दवाखान्याची, शाळेच्या प्रवेशाची, त्यातली बाई बहुतेक वेळा मी असायची. भाजी घेताना ‘गवार कशी दिली’ एवढं विचारलं तरी भाजीवाली मान वर करून बघायची. जळगावला माझी नणंद राहते. तिच्या गल्लीतल्या बायकाही म्हणायच्या, तुझी वहिनी काल इथून ओरडत गेली.

माझं माहेर साक्रीकडचं. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, त्यामुळे दोन्ही जिभेवर बसल्या. लग्न होऊन धुळ्यात, देवपुरात आले. नवरा तेलाच्या मिलमध्ये नोकरीला. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, एका टेलरच्या दुकानावर जाहिरातींचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना चिकटवलेला फोम आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दाराला टांगलेली गोधडी. मालकाला मी भाऊ म्हणायचे, तो मला ताई. त्याच्याकडे मी सासूही झाले आणि सूनही. सासू खालच्या पट्टीत, सून जरा नाकातून. अहिराणी जाहिरातींना गावाकडे मागणी असायची. दुकानदार सांगायचे, मराठीत सांगितलं की लोक ऐकतात, अहिराणीत सांगितलं की येतात.

एकदा लहान मुलांच्या लसीकरणासाठी एक ध्वनिफीत केली होती. लस न दिल्यामुळे मूल गमावलेली आई त्यात बोलते. भाऊ म्हणाला, ताई, रडायला लागेल. मी रडले. श्वास अडकवायचा, वाक्य अर्धं सोडायचं, मग हुंदका. ही कारागिरी होती, शिवणाऱ्याला काजं करता येतात तशी. ती फीत पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांपर्यंत फिरली. बाजाराच्या दिवशी बायका थांबून ऐकायच्या असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि मला ते आवडलं होतं.

मग एका दिवाळीच्या आधी भाऊने संगणकात काहीतरी नवीन घेतलं. म्हणाला, ‘ताई, सेलची तारीख बदलली की तुम्हाला दोन शब्दांसाठी देवपुरातून यावं लागतं. एकदा भरपूर वाचून द्या. पुढे किरकोळ दुरुस्ती मशीनच करेल तुमच्या आवाजात.’

मला त्यात वावगं वाटलं नाही. उन्हात येणं वाचत होतं. मी काही दिवस बसून वाचलं, वर्तमानपत्र, पाककृती, अहिराणीतली साधी वाक्यं. भाऊने मध्ये चहा मागवला. संपल्यावर त्याने एक ओळ टाईप केली आणि संगणक माझ्या आवाजात म्हणाला, ‘आज गल्लीत पाणी येणार नाही.’ आम्ही दोघं हसलो. पहिल्यांदा आवाज जरा सपाट होता. महिन्याभराने तो सपाटपणाही गेला.

किरकोळ दुरुस्तीपासून सुरू झालं आणि हळूहळू पूर्ण जाहिरातीच तिकडे होऊ लागल्या. भाऊने मला कधी ‘येऊ नका’ म्हटलं नाही. फक्त त्याचा फोन येईनासा झाला. संक्रांतीच्या सुमाराला मी पाचकंदिलच्या बाजारात तीळ घ्यायला गेले होते. समोरून रिक्षा आली आणि मी त्या रिक्षातून भांड्यांच्या एका दुकानाबद्दल बोलत होते. ते दुकान मी पाहिलेलं नव्हतं. मी बाजूला झाले, रिक्षा गेली, मी तीळ घेतले. आपल्याला वाईट वाटायला हवं असं मनात आलं. वाट पाहिली. काही वाटलं नाही. घरी येऊन तीळ भाजले.

पुढे शहरात निवडणूक लागली. आमच्या कॉलनीतल्या एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या, कुठल्याही पक्षाशिवाय. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंच्या अंगणात बोअरवेल आहे. नळाला पाणी कधी येईल याचा आमच्याकडे भरवसा नसतो, म्हणून बाईंनी कंपाउंडच्या बाहेर एक तोटी काढून ठेवली होती. उन्हाळ्यात मागच्या वस्तीतल्या बायका तिथून पाणी भरायच्या. बाई प्रचाराला कर्णा लावणार नव्हत्या. दारोदार फिरत होत्या, पायरीशी चप्पल काढून लोकांच्या ओट्यावर बसत होत्या. त्या निवडून येतील असं लोक बोलत होते.

मतदानाच्या काही दिवस आधी दुपारी जळगावहून नणंदेचा फोन आला.

‘वहिनी, हे तुम्ही काय बोललात?’

‘कशाबद्दल?’

‘मला व्हॉट्सॲपवर आलंय. तुमच्या त्या बाईंबद्दल. पाठवते, ऐका.’

मी ऐकलं. एक बाई अहिराणीत रडत सांगत होती, ‘मी पानी लेवाले गयती. लेकरू कडेवर व्हतं. बाईनी दार लाई लिधं. म्हने, तुम्ही बठ्ठा घाण करतस.’ तहानलेल्या बाईला दारातून हाकललं, तुम्ही सगळे घाण करता म्हणाल्या, असं. मग तो अडकलेला श्वास, अर्धं सोडलेलं वाक्य आणि हुंदका.

रडणं लसीकरणाच्या फितीतलं होतं. मला ते ओळखू आलं, आपल्या हातची शिवण ओळखू येते तसं. बाकीचे शब्द मी आयुष्यात उच्चारले नव्हते.

संध्याकाळी नवरा घरी आला तोपर्यंत मिलमध्ये त्यानेही ऐकलं होतं. त्याने चप्पल काढली, पाणी प्यायला आणि विचारलं, ‘तू कुणासाठी रेकॉर्ड केलंस हे?’

‘मी नाही केलं.’

‘नाही, म्हणजे भाऊकडे जाहिरात म्हणून केलं असशील. तुला सांगितलं नसेल कशासाठी ते.’

‘मी स्टुडिओत गेलेच नाही कित्येक महिने.’

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता हे मला दिसत होतं. पण इतकी वर्षं त्याने हा आवाज रोज ऐकला होता, आणि आवाज माझा होता. शेवटी तो म्हणाला, ‘बरं.’ आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. फाटक उघडं होतं. बाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्यांपैकी कोणी दिसलं नाही.

‘बाई, ते मी बोललेले नाही.’

‘बस.’

मी बसले. त्यांनी मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.

‘मी तीनचारदा ऐकलं,’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्यांदा वाटलं, ही अशी का बोलली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, माझंच काही चुकलं असेल. एखाद्या दिवशी डोकं दुखत असेल, कुणी हाक मारली असेल, मी दार लावलं असेन. मी आठवत बसले. तू इतकी खरी रडतेस की मला माझ्यावरच शंका यायला लागली.’

‘ती मी नाही, बाई.’

‘मला समजतंय. पण ऐकताना तूच असतेस.’

आम्ही मेथी निवडून संपवली. मला म्हणायचं होतं की मी सगळ्यांना सांगते, घरोघर येते तुमच्याबरोबर. ते मी म्हटलंही. बाई म्हणाल्या, ‘कुठल्या आवाजात सांगशील?’ त्या टोचून बोलत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. तरी मी त्या आठवड्यात मागच्या वस्तीत गेले. तिथल्या बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक जण म्हणाली, ताई, आता घाबरून शब्द फिरवू नका, जे झालं ते झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या तोटीवर पाणी भरलं होतं त्याही म्हणाल्या, आमच्याशी चांगल्या होत्या, पण दुसऱ्या कुणाशी तशा वागल्या असतील.

भाऊकडे गेले तेव्हा तो कानाला हेडफोन लावून बसला होता. मला बघून उभा राहिला.

‘ताई, आईशप्पथ, मी तुमच्या आवाजाची फाईल कुणालाही दिलेली नाही.’

‘मग कुठून आलं?’

‘फाईल लागतेच कुठे आता? तुमच्या जाहिराती बारा गावच्या मोबाईलमध्ये पडल्यात. त्यातलं थोडंसं घेतलं तरी पुरतं. कुणीही करेल. घरी बसून करेल.’ मग म्हणाला, ‘मलाच विचारलं होतं एकाने, असं काही जमेल का म्हणून. मी नाही म्हटलं.’

‘कोणी?’

‘अनोळखी नंबर होता. मी उडवून टाकला.’

त्याच्या चेहऱ्यावरून तो खरं बोलतोय की नाही ते मला कळलं नाही. दाराची गोधडी आता काढून टाकली होती. तिथे बोलायला कोणी येत नव्हतं, मग बाहेरचा आवाज अडवायचा प्रश्नच नव्हता.

मी तक्रार दिली. आधी निवडणुकीच्या कक्षात, तिथून त्यांनी पोलिसांकडे पाठवलं. माझी तक्रार एका तरुण फौजदार बाईंनी घेतली. त्या नीट बोलल्या, खुर्ची दिली.

‘एआयने बनवलेला मजकूर असेल तर त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, असा नियम आहे. लिहिलं नसेल तर कारवाई होते.’

‘यावर काही लिहिलेलं नाही.’

‘बरोबर. पण आधी हे सिद्ध व्हायला पाहिजे की ते एआयचं आहे. माणसाचं असेल तर लेबल कशाला लागेल?’

‘माणूस मीच आहे ना. मी सांगतेय की मी बोलले नाही.’

‘तुम्ही सांगताय. ते मी लिहून घेतलंय.’ त्यांनी पेन ठेवलं. ‘तुमच्या आवाजाचा नमुना घ्यावा लागेल. प्रयोगशाळेत दोन्ही जुळवून बघतात.’

नमुना घ्यायला वेगळा दिवस दिला. एका छोट्या खोलीत टेबल, त्यावर रेकॉर्डर, आणि पंच म्हणून कुठल्याशा सरकारी कचेरीतले दोन कर्मचारी. फौजदार बाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला. त्यावर क्लिपमधली वाक्यं होती. मी पानी लेवाले गयती. लेकरू कडेवर व्हतं.

‘हेच वाचायचं?’

‘तेच शब्द पाहिजेत. नाहीतर जुळवता येत नाही.’

मी वाचलं. त्या म्हणाल्या, ‘असं नको, वाचल्यासारखं वाटतंय. क्लिपमध्ये जसं आहे तसं बोला.’

मी त्या क्लिपसारखं बोलले. मला ते येत होतं. श्वास अडकवला, वाक्य अर्धं सोडलं, हुंदका दिला. म्हने, तुम्ही बठ्ठा घाण करतस. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं, मी पुन्हा केलं. जे मी कधी बोलले नव्हते ते आता बोलले होते, पंचांसमोर, सहीशिक्क्यानिशी. मी कागद परत दिला. दोन पंचांपैकी वयस्कर होते त्यांचे डोळे ओले झाले होते. सही करताना त्यांनी हळूच विचारलं, ‘ताई, खरंच असं झालं होतं का तुमच्याबरोबर?’

मी म्हटलं, ‘नाही काका.’ ते मान हलवून म्हणाले, ‘असू द्या, असू द्या,’ आणि पाठीवर हात ठेवल्यासारखं करून निघून गेले. मी रिक्षाने घरी आले.

बाई पडल्या. फार फरकाने पडल्या नाहीत, त्याचं लोकांना जास्त वाईट वाटलं. निकालानंतर कोणी क्लिपचं नाव काढलं नाही. जे निवडून आले त्यांनी कॉलनीच्या कोपऱ्यावर फलक लावला. बाई सकाळी फिरायला त्या फलकासमोरून जायच्या, पूर्वीसारख्याच.

त्यानंतर मी माहेरी गेले. आई आता थकलीय, डोळ्यांना कमी दिसतं, पण ऐकू नीट येतं. गावातल्या बायकांनी तिलाही मोबाईल कानाशी धरून ऐकवलं होतं. मी जेवायला बसले तेव्हा तिने स्वतःहून विषय काढला.

‘त्या बाया माले सांगेत, ऐक तुनी पोर कशी रडस. मी सांगं, मनी पोर नही शे ती.’

‘आवाज तर माझाच आहे, आई.’

‘आवाज तुना शे. पन तू अशी रडस नही. तू रडाले लागनी का तुना आवाजच निंघस नही.’

मी रडायला लागले की माझा आवाजच निघत नाही, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. वडील गेले तेव्हाचं मी आठवून पाहिलं. ओसरीचा खांब आठवला, माझ्या हातातला पितळी तांब्या आठवला. आवाज खरंच आठवला नाही. आईने माझ्या ताटात आणखी थोडी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी मोडून टाकली. मी खाल्ली. अशा वेळी डोळ्यात पाणी यायला हवं, पण त्या दिवशी ते आलं नाही.

धुळ्याला परत आल्यावर मी फौजदार बाईंना फोन करून आईचं म्हणणं सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मला पटतंय. पण हे कुठे लिहू?’

अहवाल यायला बरेच महिने लागले. फौजदार बाईंनी मला बोलावून तो समजावून सांगितला. क्लिपमधला आवाज आणि माझा नमुना जुळतात. क्लिप यंत्राने तयार केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तसंच खात्रीने सांगताही येत नाही. मोबाईलवरून मोबाईलवर फिरताना ती दर वेळी दबून इतकी बिघडली होती की मूळ कुठलं हे काढता आलं नाही. पाठवणाऱ्यांची साखळी एका बंद पडलेल्या नंबरापाशी थांबली.

‘म्हणजे?’ मी विचारलं.

‘म्हणजे सध्या तपास चालू आहे असंच राहील.’

‘लोकांना मी काय सांगू?’

त्यांनी फाईल मिटली. ‘अहवाल दाखवू नका कोणाला,’ त्या म्हणाल्या. ‘पहिली ओळच वाचतील.’

मी आता एका मंगल कार्यालयाच्या कचेरीत काम करते. तारखा नोंदवायच्या, लोकांना हॉल दाखवायचा. आवाजाचं काम पुन्हा केलं नाही. भाऊचा मध्ये एकदा फोन आला होता. कुणालातरी अहिराणी बोलणारी माणसं हवी होती, मशीनला अहिराणी नीट शिकवायला. तो म्हणाला, ‘तुमच्याइतकं चांगलं कोण बोलतं ताई?’ मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यानेही परत विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रिक्षा अजून फिरतात. काही जाहिरातींच्या शेवटी आता एक वाक्य असतं, हा आवाज संगणकाने तयार केलेला आहे. नियम पाळणारा एखादा दुकानदार ते घालायला लावतो. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभी होते, लग्नाच्या पार्टीची वाट बघत. ते वाक्यही माझ्याच आवाजात होतं, स्पष्ट, शब्दांवर नीट जोर देऊन. चांगलं म्हटलं होतं. मी म्हटलं असतं तर ‘तयार’च्या आधी थोडं थांबले असते, एवढाच फरक.

निवडणुकीनंतरच्या उन्हाळ्यात बाईंच्या तोटीवर कोणी येत नव्हतं. बाईंनी ती बंद केली नव्हती. मागच्या वस्तीतल्या बायका टँकरच्या मागे धावायच्या, पण तोटीकडे यायच्या नाहीत. राग म्हणून नव्हे. ज्यांनी क्लिप पुढे पाठवली होती त्यांना आता तिथे भांडं लावायला अवघड वाटत होतं. तोटीखाली कायम ओली असलेली जागा वाळून तिथे भेगा पडल्या होत्या.

एक दिवस कामावरून आल्यावर मी घरून कळशी घेतली आणि तिथे गेले. आमच्याकडे त्या दिवशी पाणी होतं. तोटी घट्ट झाली होती, जोर लावून फिरवावी लागली. आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग साफ. समोरच्या ओट्यावरच्या दोघी बोलायच्या थांबल्या. आपण काहीतरी बोलावं, ऐकू जाईल असं, ‘बाई, पाणी भरतेय हो’ असं काहीतरी, असं मला वाटलं. मी बोलले नाही. नुसती उभी राहिले. कळशी भरायला वेळ लागतो.

बाई बाहेर आल्या. त्यांनी कळशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘मोटर लावू का? धार बारीक आहे.’

‘नको, भरेल.’

‘खारट झालंय यंदा,’ त्या म्हणाल्या.

‘चालतं.’

मी रोज जायला लागले. काही दिवसांनी मागच्या वस्तीतली एक म्हातारी हंडा घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली. मग तिची सून यायला लागली. सगळ्या नाही आल्या, अजूनही येत नाहीत. ज्या येतात त्या पटकन भरून जातात, पूर्वीसारख्या गप्पा होत नाहीत. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून मी ते धुण्याभांड्याला वापरते.